एकवीस पोळ्या आणि माझं सर्टिफिकेट

माईंच्या तोंडात मी वरणभाताचा सहावा घास घालत होते, तेवढ्यात त्यांचा मुलगा दारात येऊन उभा राहिला. काखेत होल्डॉल, कोटावर कोळशाची भुकटी. दिल्लीहून थेट गिरगावात, न कळवता.

तो बघत राहिला. माईंनी घास गिळला आणि चिमणीच्या पिल्लासारखं तोंड उघडलं. मी सातवा घातला. खास त्यासाठी ठेवलेल्या पांढऱ्या नॅपकिनने त्यांचे ओठ टिपले. मुलाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

मला वाटलं, माझी सेवा बघून आलं. मी विनयाने मान खाली घातली आणि आठवा घास कालवला.

आज तो प्रसंग आठवला की त्या मुलीच्या, म्हणजे माझ्या, हातातली वाटी काढून घ्यावीशी वाटते. वय वीस. कडक इस्त्रीची पांढरी साडी, छातीवर पिनेने लावलेलं घड्याळ, आणि चेहऱ्यावर जगाचा भार एकटीने उचलल्याचा भाव. उचललेली होती फक्त एक वाटी.

माझं काम काय होतं ते आधी सांगते, कारण तेव्हाही ते कुणाला कळत नसे. मी नर्स नव्हते. इंजेक्शन, औषधपाणी, जखमा हे नर्सचं. आम्ही ‘होम अटेंडंट’. म्हणजे घरी असलेल्या वयस्कर माणसाला उठवायचं, आंघोळ घालायची, वेणीफणी, जेवण, चालवणं, पेपर वाचून दाखवणं आणि सगळ्यात मोठं काम म्हणजे त्यांच्या तक्रारी ऐकणं. दादरला एका दवाखान्याच्या माळ्यावर आमचा ब्युरो होता. तो चालवायच्या फणसळकरबाई. एका मोठ्या हॉस्पिटलातून मेट्रन म्हणून रिटायर झालेल्या. उंच, सडपातळ, आणि बोलताना छत्रीचं टोक जमिनीवर आपटायची सवय. त्यांनी आम्हाला तीन महिन्यांचं ट्रेनिंग दिलं, परीक्षा घेतली आणि सर्टिफिकेट दिलं. परीक्षेत मी पहिली आले. हे मी तेव्हा लालबागच्या आमच्या चाळीत प्रत्येक मजल्यावर सांगितलं होतं, म्हणून इथेही सांगून टाकते.

एका विषयात मात्र मला शून्य मार्क होते. त्या विषयाचं नाव ‘हात मागे’.

फणसळकरबाईंची एक म्हातारी मावशी होती. बाई तिला वर्गात आणून बसवायच्या आणि म्हणायच्या, “मावशी, चोळीची गाठ मार.” आम्ही सगळ्या जणींनी समोर उभं राहायचं, स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे धरून. मावशीची बोटं थरथरत. एक टोक सापडे तोवर दुसरं निसटे. गाठ बसायला दहा मिनिटं लागत. ती दहा मिनिटं नुसतं बघायचं, हीच परीक्षा. मी चौथ्या मिनिटाला पुढे झाले आणि झटक्यात गाठ मारून दिली. मावशी नाराज झाली. बाईंनी वहीत शून्य लिहिलं. मी मनात म्हटलं, या बाईंना कामाचा उरक बघवत नाही.

तर माई. वय शहात्तर, नवरा जाऊन बारा वर्षं झालेली. गिरगावातल्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, पुढे गॅलरी, गॅलरीच्या टोकाला संडास. मुलगा मधुकर दिल्लीला सरकारी कचेरीत. माई एकट्या राहायच्या आणि चाळीत त्यांचा शब्द खाली पडत नसे. पावसाळ्यात गॅलरीत पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. मुलाने पत्र पाठवून ब्युरोतून बाई लावली. ती मी. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा.

पहिल्या दिवशी मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात थबकले. आम्ही मालवणकडचे सावंत, आणि माईंचं घर जुन्या वळणाचं. माई खाटेवरून म्हणाल्या, “उंबऱ्यात उभी राहून काय चहा होणार आहे? सोवळं या घरात माझ्या सासूबरोबर गेलं. हात धू आणि आत हो.” शेजारच्या खोलीतल्या कमळाकाकूंनी गॅलरीतून हे पाहिलं आणि एक भुवई वर केली. ती भुवई पुढे चार दिवस खाली आली नाही.

सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं. डॉक्टरांनी मनगट वळवून बघितलं आणि मला सांगितलं, “हाड छान जुळलंय. आता हळूहळू हात वापरू द्या.”

या वाक्यातलं ‘हळूहळू’ तेवढं मी उचललं. ‘वापरू द्या’ हे डॉक्टरांच्या टेबलावरच राहिलं.

मी काय काय करत होते ते ऐका. माईंना मी उठवत होते, बसवत होते, भरवत होते. दात घासून देत होते. गॅलरी ओली असते म्हणून खोलीतच भांडं ठेवलं होतं, म्हणजे त्यांना टोकापर्यंत चालायला नको. चष्मा पुसून नाकावर चढवत होते. जपमाळ त्यांच्या हातात आणि मणी ओढायचे मी! होय, शेवटी शेवटी तेही केलं. जप त्यांचा, बोटं माझी. पुण्य कुणाच्या खात्यात गेलं देव जाणे.

आणि माई? ज्या बाईने जन्मभर दुसऱ्यांची ताटं वाढली, तिला पहिल्यांदाच कुणी भरवत होतं. पहिले चार दिवस त्या लाजल्या. नंतर त्यांना आवडायला लागलं. महिन्याभराने तर मी पाण्याचा पेला समोर ठेवला तरी त्या तो मी तोंडाशी नेईपर्यंत नुसत्या बघत बसायच्या. मी चार्टमध्ये रोज लिहायचे, “पेशंट शांत. पूर्ण सहकार्य.”

घरी आईला हे सगळं अभिमानाने सांगितलं. आई गिरणीत जायची, बोलणं तिचं मोजकं. म्हणाली, “हाड जुळला ना? मगे तू भरवतस कित्याक? तान्ह्या पोराक पण आठ म्हयन्यात वाटीत हात घालूक देतत.”

“आये, तुला त्यातलं कळत नाही,” मी म्हटलं. “कोर्स मी केलाय.”

आई नुसती हसली आणि माझ्यापुढचं ताट उचलून म्हणाली, “मगे तुकाय भरवू?”

आता पुन्हा त्या दुपारकडे. मधुकररावांनी होल्डॉल खाली ठेवला, आईच्या पायांवर डोकं ठेवलं आणि मला गॅलरीत बोलावलं.

“तुम्ही फार केलंत माईचं,” ते म्हणाले. “पोटच्या मुलीने केलं नसतं. पण ती इतकी खचली असेल याची मला कल्पना नव्हती. हात पार गेलाय तिचा.”

“मी आहे ना,” मी म्हटलं. काय पण धीर दिला!

“तुम्ही सहाला जाता. पुढे? मला तिकडे झोप लागत नाही हो. काही झालं तर तार मिळून गाडी पकडून इथे पोचायला दोन दिवस जातात. मी आठ दिवसांची रजा काढून आलोय. रविवारच्या गाडीने तिला घेऊन जातो. खोल्या सोडून देऊ.”

माणूस वाईट नव्हता. आई एकटी, हात चालत नाही, पाय चालत नाहीत. कुठल्याही मुलाने हेच ठरवलं असतं. प्रश्न एवढाच होता की हे सगळं मी घडवलं होतं, आणि ते मला सोडून कुणालाही विचारलं असतं तर कळलं असतं.

माईंना त्याने संध्याकाळी सांगितलं. मी पर्स उचलून निघायच्या बेतात होते. “दिल्लीला?” माईंनी विचारलं.

“हो माई. बंगल्यासारखं क्वार्टर आहे. पुढे बाग आहे.”

“मधू, या दिल्लीवाल्यांना एक मुंबई हवीय म्हणून आपण वर्षभर घसे फोडतोय. आता म्हातारीही न्यायची म्हणतोस?”

तो हसला. माई हसल्या नाहीत. “घेऊन जा बाबा,” त्या म्हणाल्या. “असा हात घेऊन मी इथे कुणाच्या उपयोगाची?” आणि त्यांनी उजवा हात डाव्या हाताने उचलून मांडीवर ठेवला. एखादी वस्तू उचलून ठेवावी तसा.

तो हात मी तेव्हा पहिल्यांदा नीट बघितला. मनगट बारीक झालं होतं, बोटं आत वळलेली. एक पाऊल मी खाटेकडे टाकलंही. पण ट्राम चुकेल म्हणून मी निघाले. त्या दिवसांत मोर्चा निघाला की ट्राम बंद पडायच्या आणि लालबागपर्यंत पायपीट व्हायची. माझे वडील त्या मोर्च्यांत पुढे असायचे, आणि संयुक्त महाराष्ट्राबद्दल माझं मत एवढंच होतं की तो लवकर व्हावा, म्हणजे माझी इस्त्री राहील.

मधुकररावांनी ब्युरोला प्रशंसापत्र पाठवलं. दोन पानं, टाइप केलेलं. गुरुवारी सकाळी फणसळकरबाईंनी मला दादरला बोलावून घेतलं. मी वाटेत भाषण तयार करत गेले, नम्र आणि थोडक्यात.

“बस, सावंत,” बाई म्हणाल्या. “हे वाच. मोठ्याने.”

मी वाचलं. “आपल्या अटेंडंटने माझ्या आईला एक बोटही हलवू दिलं नाही...”

“थांब. पुन्हा वाच.”

“एक बोटही हलवू दिलं नाही.”

“हे प्रशंसापत्र नाही,” बाई म्हणाल्या. छत्रीचं टोक आपटलं. “हा पंचनामा आहे. चार्ट दाखव.”

आमच्या चार्टमध्ये चार रकाने असत. पहिल्यात वेळ, दुसऱ्यात अटेंडंटने काय केलं, तिसऱ्यात पेशंटने स्वतः काय केलं, चौथ्यात शेरा. माझा दुसरा रकाना समासाबाहेर ओसंडत होता. तिसऱ्यात प्लास्टर निघाल्यापासून एकही अक्षर नव्हतं.

“स्वतः काय केलं तिने महिनाभर?”

“सहकार्य केलं, बाई.”

“उशीही सहकार्य करते, सावंत.” बाईंनी चष्मा काढला. “हाड डॉक्टरने जोडलं. हात तू घालवलास. म्हातारं माणूस महिनाभर न वापरलेली गोष्ट विसरतं. हात, पाय आणि नंतर घरातली आपली जागा. गाडी कधी आहे?”

“रविवारी.”

“म्हणजे तीन दिवस. हात मागे घे आणि जा.”

मी ट्राममध्ये रडले. साडीची इस्त्री गेली. कुणाचंही लक्ष नव्हतं, याचंही मला वाईट वाटलं.

गुरुवार-शुक्रवार मी हात मागे घेतले. जेवणाचं ताट माईंसमोर ठेवलं आणि मी पाठीमागे हात धरून उभी. माई ताटाकडे बघत होत्या, मी माईंकडे.

“अगं सुमन, वरण गार होतंय.”

“तुम्ही जेवा ना, माई.”

“तू कुठे चाललीस?”

“कुठे नाही. इथेच आहे.”

“मग हात काय बांधून ठेवलेत? पोलिसांनी पकडलंय?”

मी बाईंनी सांगितलेलं सगळं समजावून सांगितलं. माईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “महिनाभर तूच म्हणत होतीस, माई हलू नका, माई राहू द्या, माई मी आहे. आता तू नाहीस का?” त्यांनी चमचा उचलायचा प्रयत्न केला. तो निसटला, वरण पातळावर सांडलं. त्यांनी चमचा ठेवून दिला, भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाल्या, “सोड पोरी. दिल्लीत नोकर आहेत म्हणे.”

त्या घाबरल्या होत्या. पुन्हा पडेन, पुन्हा मोडेल. ती भीती माझ्या रोजच्या ‘सांभाळून हं’ने पोसली होती. शुक्रवारी संध्याकाळी चार्टच्या तिसऱ्या रकान्यात मी लिहिलं, “चमचा उचलला. ठेवला.” महिन्याभरातली पहिली नोंद ती.

शनिवारी मधुकरराव सकाळीच बोरीबंदरला तिकिटांच्या कामाला गेले. अकराच्या सुमारास कमळाकाकू गॅलरीतून चाळीच्या प्रत्येक दारात थांबत आल्या. हातात कागद, कानामागे पेन्सिल.

त्या दिवसांत बाहेरगावाहून सत्याग्रहींच्या तुकड्या मुंबईत यायच्या. आंदोलन कुठे चाललंय, कुणाला पकडलं, हे पुरुष बघायचे. त्या माणसांनी खायचं काय, हे चाळीचाळीतल्या बायका बघायच्या. खोलीमागे दहा पोळ्या आणि कोरडी चटणी, कागदात बांधून. चारला कार्यकर्ते येऊन गाठोडी घेऊन जायचे. गिरगावातल्या चाळींत यावरून चढाओढ असे. कुणाच्या खोलीतून किती आणि कशा पोळ्या गेल्या, याची चर्चा पुढची तुकडी येईपर्यंत पुरायची.

कमळाकाकू आमच्या दाराशी आल्या, आत डोकावल्या आणि पुढे निघाल्या.

“कमळे,” माईंनी हाक मारली. “आमच्या किती लिहिल्यास?”

“तुमची खोली वगळलीय हो माई. तुम्हाला आता कुठे जमतंय! आणि उद्या तर तुम्ही चाललातच.” काकू प्रेमाने म्हणाल्या. प्रेमाने म्हटलेलं जास्त लागतं.

“वगळली?”

“तसं नव्हे हो...”

“लग्न होऊन या चाळीत आलीस तेव्हा तुला पोळी लाटायला कुणी शिकवलं?”

“तुम्हीच की माई.”

“मग लिही. एकवीस.”

“माई, दहा पुरे...”

“एकवीस म्हटलं ना!”

काकूंनी लिहिलं. त्या गेल्या. माईंनी माझ्याकडे बघितलं. “ऊठ. कणीक काढ. तुला करायच्यात.”

आता एक गोष्ट मी ब्युरोपासून, माईंपासून आणि परीक्षेपासून लपवून ठेवली होती. मला पोळी येत नव्हती. आम्ही भाकरी खाणारी माणसं. तांदळाची उकड काढून हातावर भाकरी थापायची, ते मला झोपेतही जमलं असतं. गव्हाची पोळी आमच्याकडे पाहुण्याला, आणि पाहुणा क्वचित. इतके दिवस माईंना मी वरणभात आणि मऊ खिचडी घालत होते ती त्यांच्या पचनासाठी, असं चार्टमध्ये लिहिलं होतं. खरं कारण हे.

पण मी ब्युरोची पहिली. कणीक भिजवली, पाणी जास्त झालं, पीठ वाढवलं, पीठ जास्त झालं. तास गेला. पहिली लाटी घेतली. लाटणं पुढे नेलं की पोळी पुढे जाई, मागे आणलं की गोळा होऊन परत येई. शेवटी ती मी हाताने थापली, सवयीप्रमाणे, आणि तव्यावर टाकली. एका बाजूने जळली, दुसऱ्या बाजूने कच्ची. ती ताटलीत घालून मी माईंना दाखवायला नेली.

माईंनी चष्मा मागितला. मी हात मागे घेतले. त्यांनी पुटपुटत स्वतः डाव्या हाताने चष्मा चढवला आणि ताटली जवळ ओढली.

“हे काय आहे?”

“पोळी.”

“ही पोळी? हा नकाशा झालाय. हा वर विदर्भ, हा खाली कोकण लोंबतोय.” त्यांनी बोटाने दाखवलं. उजव्या हाताच्या बोटाने. “आणि इथे बघ, मुंबईच्या जागी तुकडा तुटलाय. दिल्लीचं काम घरबसल्या केलंस!”

“दुसरी चांगली होईल, माई.”

दुसरी पहिल्यापेक्षा वाईट झाली. तिसरी पोळपाटाला चिकटली. चौथीच्या वेळी मला खाट कुरकुरल्याचा आवाज आला. वळून बघते तर माई खाली उतरल्या होत्या. भिंतीला धरून, एक एक पाऊल टाकत, त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन उभ्या. महिन्याभरात त्या इतकं चालल्या नव्हत्या. माझ्या अंगातली अटेंडंट उसळली. पुढे होऊन धरावं, पाट द्यावा, सांभाळून म्हणावं. पण माझे दोन्ही हात कोपरापर्यंत चिकट कणकेने भरले होते. धरणार कशाने?

“ही माणसं तुरुंगात जायला आलीत,” माई म्हणाल्या. “त्यांना आधीच शिक्षा कशाला? हो बाजूला.”

त्या पाटावर बसल्या. बसल्या म्हणजे जवळजवळ आदळल्या. कणीक दाबून बघितली आणि कपाळाला हात लावला. “तेल घे. माझ्यासमोर तिंब. मी सांगते तोपर्यंत थांबू नकोस.” मी तिंबली. माझे खांदे भरून आले तेव्हा त्या पुरे म्हणाल्या.

मग त्यांनी लाटणं धरलं. उजवी मूठ पुरती मिटेना. डाव्या हाताने त्यांनी उजव्याची बोटं एक एक करून लाटण्यावर बसवली. पहिली पोळी वाकडी झाली. त्यांनी ती मोडली, पुन्हा लाटी केली. दुसऱ्यांदा लाटताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, मनगट दुखत होतं. मी म्हटलं, “माई, राहू दे...”

“हात मागे!” माई ओरडल्या. “तुझ्या त्या बाईने सांगितलंय ना?”

मी हात मागे घेतले. तिसऱ्यांदा पोळी जमली. मध्ये घडी, कडेला पातळ, तव्यावर टाकल्याबरोबर फुगली. पदर सुटले. माईंनी ती तव्यावरच्या वाफेत बघितली आणि मूठ उघडून मिटून पाहिली.

“भाजायला तरी येतं का तुला?”

“येतं.”

“बघू या.”

पाच पोळ्यांनंतर त्या थांबल्या. गरम पाण्यात मनगट बुडवलं, पुन्हा बसल्या. मी भाजत होते आणि घड्याळ बघत होते. तेवढाच त्या छातीवरच्या घड्याळाचा त्या नोकरीत झालेला खरा उपयोग. पावणेचारला एकविसावी पोळी तव्यावरून उतरली. माईंनी मोजल्या, लसणाची चटणी घालून कागदात बांधायला लावल्या. माझ्या तीन नकाशांकडे बोट करून म्हणाल्या, “ते आपण खाऊ. बाहेर जाता कामा नये.”

मी गाठोडं उचलायला गेले. “ठेव,” त्या म्हणाल्या. गाठोडं त्यांनी छातीशी धरलं आणि गॅलरीत निघाल्या. मी मागून चालले. हात मागे. माझ्या आयुष्यातली सगळ्यात अवघड ड्युटी ती. जिन्याच्या तोंडाशी कार्यकर्ते गाठोडी घेत होते. माईंनी ते कार्यकर्त्याच्या हातात दिलं आणि कमळाकाकूंना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, “मोजून घे रे बाळा. एकवीस आहेत. आमची खोली वगळली होती म्हणे.”

त्याच क्षणी जिन्यावरून मधुकरराव वर आले. हातात दिल्लीची दोन तिकिटं.

त्यांनी काय बघितलं? आजारी आई घामाने डबडबलेली, पदराला पीठ, मनगट सुजलेलं. आणि मागे अटेंडंट, हात पाठीमागे धरून, आरामात उभी.

“सुमनबाई! हे काय चाललंय? माझ्या आईला पोळ्या लाटायला लावल्यात?”

“लावल्या नाहीत,” मी म्हटलं. “मला येत नाहीत, म्हणून...”

“मग तुम्ही नुसत्या बघत उभ्या राहिलात?”

“हो,” मी म्हटलं. महिन्याभरात पहिल्यांदा मी काम केलं होतं, आणि त्याचं वर्णन हेच होतं.

त्यांनी तिथेच ब्युरोला तक्रार करायचं जाहीर केलं. माईंनी त्यांना हाताला धरून आत नेलं. उजव्या हाताने. ते त्यांच्या लक्षात आलं की नाही, मला कळलं नाही. माईंनी त्यांना पाटावर बसवलं, एक लाटी शिल्लक होती ती लाटली, मी भाजली, तूप लावून त्यांच्या पानात वाढली. मधुकररावांनी तुकडा मोडला. खाता खाता त्यांचं चावणं हळू झालं.

“माई, हा हात...”

“दुखतोय. पण आहे.” माई म्हणाल्या. “मधू, तुला झोप लागत नाही, ते मला कळतं रे. पण तिकडे बागेत खुर्चीवर बसून मी किती दिवस टिकेन? इथे कमळी मला वगळते म्हणून मला उठावं लागतं. तिथे मला कोण वगळणार?”

मधुकररावांनी दुसरा तुकडा मोडला.

रविवारी एक तिकीट परत केलं. कमळाकाकूंनी संध्याकाळी आणि सकाळी डोकवायचं कबूल केलं. नाहीतरी त्या दिवसभर डोकावतच होत्या. मला आणखी तीन आठवडे ठेवलं, मग अर्धा दिवस, मग आठवड्यातून दोनदा. शेवटी माई म्हणाल्या, “आता येऊ नकोस, तुझा चहा मलाच करावा लागतो.” आमच्या धंद्यात नोकरी अशी गेली की केस यशस्वी झाली समजायचं. असला उफराटा धंदा दुसरा नाही.

तक्रार मात्र झाली. शनिवारी रात्री माईंच्या मनगटाची सूज वाढलेली बघून मधुकररावांनी रागाच्या भरात पत्र टाकलं होतं, ते मोर्च्यांच्या गडबडीत अडकून आठवड्याने ब्युरोत पोचलं. फणसळकरबाईंनी मला बोलावून ते मोठ्याने वाचायला लावलं. “आपली अटेंडंट माझ्या आईला काम करताना हात मागे बांधून बघत होती...” बाईंनी छत्री आपटली नाही. माझी फाइल काढली, प्रशंसापत्र सगळ्यात खाली घातलं आणि तक्रार पहिल्या पानावर लावली. मग परीक्षेची वही काढून माझ्या शून्याकडे बघितलं. “शून्य खोडत नाही,” म्हणाल्या. “पुढे काही तरी लिहायला जागा आहे.” त्यांनी काय लिहिलं ते मला कधी दाखवलं नाही.

महाराष्ट्र झाला, मुंबईसकट. त्या दिवशी मी मुद्दाम गिरगावात गेले. माई चाळीच्या पायऱ्या उतरून खाली अंगणात उभ्या होत्या. मला बघून म्हणाल्या, “आलीस? पोळी जमते का आता?” मी म्हटलं, “गोल होते, पण पदर सुटत नाहीत.” त्या म्हणाल्या, “चालेल. सगळंच एकदम कुठे मिळतं.”

पुढे तीसेक वर्षं मी हे काम केलं. मला जे जमत होतं त्यात मी माईंचा हात घालवला आणि जे जमत नव्हतं त्यात तो परत आला. एवढाच माझ्या अनुभवाचा अर्क. सर्टिफिकेट फ्रेम केलेलं होतं, ते कुठल्या तरी घरबदलात फुटलं.

आता पाळी माझी. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा सुनेने एजन्सीतून मुलगी लावली. निळा युनिफॉर्म, छातीवर नावाची पाटी, चेहऱ्यावर जगाचा भार. पहिल्याच दुपारी चमचा घेऊन माझ्यासमोर बसली. “आजी, आ करा.”

“कोर्समध्ये पहिली आलीस का गं?” मी विचारलं.

ती लाजली. “हो आजी.”

मी मनात म्हटलं, कठीण आहे. चमचा तिच्या हातातून काढून घेतला आणि विचारलं, “पोळ्या येतात तुला?”

“नाही हो आजी. आम्ही बाहेरूनच आणतो.”

“वा,” मी म्हटलं. “मग आपलं जमेल. जा, पोळपाट काढ.”